फीड-रीडर आणि बुकमार्कची साधनं: नवख्यांनी कशी पारखून घ्यावीत

आपल्याला जे वाचायचं असतं ते आपल्यापर्यंत पोचतं कसं? कुणीतरी व्हॉट्सॲपवर लिंक टाकतं, फेसबुक त्याच्या मनाला येईल तेव्हा एखादी पोस्ट दाखवतं, आणि आवडत्या ब्लॉगवर तीन महिन्यांपूर्वी आलेला लेख आज अचानक हाती लागतो. जे मिळालं ते जपायचीही बोंबच. 'नंतर वाचू' म्हणून उघडे ठेवलेले टॅब, स्वतःलाच पाठवून ठेवलेल्या लिंका, आणि नेमकी हवी तेव्हा हवी ती लिंक न सापडणं. नवीन येणाऱ्या मजकुरावर नजर ठेवायला फीड-रीडर असतो. सापडलेला मजकूर जपायला बुकमार्कचं साधन. कामं दोन वेगळी आहेत. बरेचजण एकाच साधनाकडून दोन्ही करून घ्यायला जातात आणि महिन्याभरात कंटाळतात.

दोन्ही प्रकारांत साधनं भरपूर आहेत आणि बहुतेकांची फुकट आवृत्ती असते, त्यामुळे वापरून बघायला हरकत कसलीच नाही. पण बघताना काय बघायचं? माझ्या मते रंगरूप, सोयी, किंमत हे सगळं नंतर. आधी एकच गोष्ट तपासायची: आपण आत भरलेलं सगळं पुन्हा बाहेर काढता येतं का?

हा हट्ट कशासाठी, ते या क्षेत्राचा इतिहास बघितला की कळतं. गूगल रीडर २००५ मध्ये आला, जगभरातल्या वाचकांना त्याची सवय लागली, आणि १ जुलै २०१३ रोजी गूगलने तो बंद केला. डिलिशस ही बुकमार्कची सेवा २००३ मध्ये सुरू झाली, २००५ मध्ये याहूने घेतली, २०११ मध्ये याहूने विकली, आणि हात बदलत बदलत २०१७ मध्ये ती पिनबोर्ड या प्रतिस्पर्धी सेवेच्या मालकाकडे आली. ओम्निव्होर नावाचं छान, मुक्त स्रोत असलेलं (म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं) 'नंतर वाचा'चं साधन २०२४च्या अखेरीस जेमतेम काही आठवड्यांची मुदत देऊन बंद झालं. लेख 'नंतर वाचायला' जपून ठेवणारं पॉकेट तर फायरफॉक्सवाल्या मोझिलाचं होतं. तेही ८ जुलै २०२५ रोजी थांबलं. यातली कुठलीच सेवा टाकाऊ नव्हती. तेव्हा आज तुम्ही जे साधन निवडाल तेही कधीतरी सोडावं लागेल, असं धरूनच सुरुवात करू.

फीड म्हणजे नेमकं काय

संकेतस्थळावर दिसणाऱ्या पानाच्या मागे बहुधा एक साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात ताज्या लेखांची शीर्षकं, तारखा, दुवे आणि लेखाचा सारांश किंवा पूर्ण मजकूर असतो. ही फाइल म्हणजे फीड. तिची एक मांडणी आरएसएस, जिचा जन्म १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत झाला. दुसरी ॲटम, जी २००५ मध्ये प्रमाणित झाली. तुम्हाला या फरकाशी काही कर्तव्य नाही, सगळे रीडर दोन्ही वाचतात. रीडर ठरावीक वेळाने ही फाइल तपासतो आणि नवीन काही आलं असेल तर तुमच्यापुढे ठेवतो. क्रम तारखेचा. मधे कुणी 'तुम्हाला हे आवडेल' म्हणायला येत नाही.

पॉडकास्ट ऐकत असाल तर फीड तुम्ही आधीच वापरता आहात. पॉडकास्टचे भाग ॲपपर्यंत पोचतात ते बहुधा आरएसएसमधूनच.

एक मर्यादा आधीच माहीत असू द्या. फीडमध्ये फक्त ताजे लेख असतात. वर्डप्रेसवर मालकाने काही बदल केला नसेल तर १०, ब्लॉगरवर २५, यूट्यूबवर १५. आज फीड जोडलं म्हणून त्या ब्लॉगची दहा वर्षांची जुनी पानं रीडरमध्ये उतरणार नाहीत. ती जुनी पानं बुकमार्कच्या खात्यात जातात.

पहिली पायरी: साधन नव्हे, यादी

नवखा माणूस आधी खातं उघडतो, मग साधनाने सुचवलेल्या 'लोकप्रिय' यादीतून तीस इंग्रजी बातम्यांची संकेतस्थळं जोडतो, आणि दुसऱ्या दिवशी हजारभर न वाचलेल्या मथळ्यांकडे बघून ते बंद करतो. तसं नको. आधी कागदावर किंवा फोनच्या टिपणात दहा-पंधरा नावं लिहा. त्यात निम्मी तरी अशी असू द्यात जी क्वचित लिहितात: सहा महिन्यांतून एकदा लेख टाकणारा एखादा ब्लॉगर, वर्षातून चार भाग करणारी यूट्यूब वाहिनी, तुमच्या गावच्या ग्रंथालयाचं संकेतस्थळ. फीडचा खरा उपयोग इथेच आहे. रोज लिहिणारा माणूस तुम्हाला कुठूनही दिसतो. क्वचित लिहिणाऱ्याकडे रोज जाऊन बघणं कुणाच्यानं होत नाही.

आता या प्रत्येकाचा फीडचा पत्ता. बहुतेक वेळा शोधावा लागतच नाही: संकेतस्थळाच्या मुखपृष्ठाचा पत्ता रीडरमध्ये चिकटवला की रीडर फीड आपणच हुडकतो. नाही जमलं तर खालच्या खुणा वापरा. (पत्त्याचे तुकडे इथे देवनागरीत लिहिले आहेत, टंकताना ते रोमन लहान अक्षरांत टंकायचे.)

वर्डप्रेसवरच्या कुठल्याही ब्लॉगच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन 'फीड' लिहा. मराठीतले पुष्कळ जुने ब्लॉग ब्लॉगरवर, म्हणजे ब्लॉगस्पॉटच्या पत्त्यावर आहेत. तिथे 'फीड्स', 'पोस्ट्स', 'डिफॉल्ट' हे तीन शब्द तिरक्या रेघांनी जोडून पुढे लावायचे. वर्डप्रेसवर एखाद्या विषयाच्या पानाच्या पत्त्यापुढेही 'फीड' चालतं. म्हणजे ब्लॉगर राजकारण आणि पाककृती दोन्ही लिहीत असेल आणि तुम्हाला फक्त पाककृती हव्या असतील, तर तेवढ्याच घेता येतात.

यूट्यूबच्या वाहिनीचा नेहमीचा पत्ता रीडरमध्ये चिकटवून बघा. चांगले रीडर तो ओळखतात. याने वाहिनीचे नवे व्हिडिओ घंटा न वाजवता, आणि तुमच्या यूट्यूब खात्याशी संबंध न येता दिसू लागतात.

मराठी विकिपीडियावर कुठल्याही लेखाचा इतिहास उघडलात की बाजूच्या साधनांमध्ये ॲटम फीडचा दुवा मिळतो. आपल्या तालुक्यावरच्या किंवा आवडत्या लेखकावरच्या लेखात कोण काय बदलतंय हे बघायचं असेल, तर याहून सोपा मार्ग नाही.

बातम्यांच्या बाबतीत सबंध वृत्तपत्राचं फीड घेऊ नका, पूर येतो. त्याऐवजी मराठी गूगल न्यूजमध्ये एखादा नेमका शब्द शोधा, समजा 'कोकण रेल्वे'. निकालाच्या पानाच्या पत्त्यात 'सर्च' हा शब्द दिसेल. त्याच्या आधी 'आरएसएस' आणि तिरकी रेघ घाला, आणि तो बदललेला पत्ता रीडरला द्या. आता 'कोकण रेल्वे'वरच्या मराठी बातम्या, निरनिराळ्या वृत्तपत्रांतल्या, एका जागी येतील. गणपतीच्या आधी गाड्यांच्या घोषणांवर लक्ष ठेवणाऱ्यांना ही युक्ती फार उपयोगी पडते.

कामाच्या माणसांसाठी: रिझर्व्ह बँक आणि सेबी या दोघांचीही आरएसएस फीड्स आहेत. परिपत्रक निघालं की मथळा थेट रीडरमध्ये. करसल्लागार आणि गुंतवणूकदार मंडळींनी एवढ्या एका कारणासाठीही रीडर वापरायला हरकत नाही.

जिथे फीड नाही तिथे मात्र नाही. ट्विटरने ती सोय २०१३ मध्येच काढून टाकली, फेसबुक आणि इन्स्टाग्राम देत नाहीत. मॅस्टोडॉन हे ट्विटरसारखं दुसरं जाळं मात्र देतं. ईमेलने येणारी वार्तापत्रं रीडरमध्ये वळवायची असतील तर 'किल द न्यूजलेटर' नावाची फुकट सेवा आहे. ती तुम्हाला एक ईमेल पत्ता आणि त्याला जोडलेलं एक फीड देते. वार्तापत्राची नोंदणी त्या ईमेलने करायची. तो फीडचा पत्ता कुणाला कळला तर त्यालाही ती पत्रं वाचता येतील, म्हणून बँक, दवाखाना असलं काही त्यावर मागवू नका.

दुसरी पायरी: दोन रीडर एकाच वेळी

एकच साधन वापरून बघितलं तर त्याच्या खोडी लक्षात येत नाहीत, त्यांची सवय होते. म्हणून दोन घ्या: एक ऑनलाइन खातं लागणारं, एक खात्याशिवाय चालणारं.

ऑनलाइनपैकी इनोरीडर हा बल्गेरियातला रीडर मी नवख्यांना आधी सुचवतो. गूगल रीडर बंद झाला त्याच वर्षी तो सुरू झाला. फुकट खात्यात १५० फीड्स मावतात, मधेमधे जाहिरात दिसते, आणि गाळण्या-नियमांसारख्या बऱ्याच चांगल्या सोयी पैसेवाल्या खात्यात आहेत. फीडली दिसायला अधिक देखणा आहे. फुकटात १०० स्रोत आणि ३ फोल्डर. तीन फोल्डर ऐकायला पुरेसे वाटतात, पण पुढे जी विभागणी सांगणार आहे तिला नेमके तेवढेच लागतात, चौथा लागला की पैसे. द ओल्ड रीडर नावाप्रमाणेच जुन्या वळणाचा, साधा, १०० फीड्सपर्यंत फुकट. न्यूजब्लर ६४ संकेतस्थळांपर्यंत फुकट. कुठला लेखक किंवा विषय आवडतो, कुठला नाही, हे त्याला शिकवता येतं, पण पहिल्या दिवशी पडदा जरा गजबजलेला वाटतो. हे आकडे कंपन्या मधूनमधून बदलतात, खातं उघडताना एकदा बघून घ्या.

खात्याशिवायच्यांत अँड्रॉइडवर 'फीडर', आयफोन आणि मॅकवर 'नेटन्यूजवायर', आणि संगणकावर ईमेलसाठी थंडरबर्ड वापरत असाल तर तोच. त्यात फीडची सोय अंगभूत आहे. तिन्ही फुकट, तिन्ही मुक्त स्रोत. यादी तुमच्याच यंत्रावर राहते, कुणी सेवा बंद केली तरी ॲप चालत राहतं. फोन आणि संगणक दोन्हीकडे 'वाचलं-न वाचलं' जुळवून ठेवायचं असेल तर मात्र बहुधा ऑनलाइन खातंच लागतं. (स्वतःचा सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी फ्रेशआरएसएस आणि मिनीफ्लक्स आहेत. ज्यांना 'स्वतःचा सर्व्हर' या शब्दांनी धडकी भरली त्यांनी पुढे चला.)

तिसरी पायरी: आजच बाहेर काढून बघा

पाच-सहा फीड्स जोडलीत? आता थांबा आणि सेटिंग्जमध्ये 'एक्स्पोर्ट' शोधा. ओपीएमएल नावाची फाइल मिळायला हवी. हा सगळ्या रीडरना समजणारा प्रकार आहे. मिळत नसेल, किंवा त्यासाठी पैसे मागत असतील, तर ते साधन तिथेच सोडा.

फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा, बिचकू नका. प्रत्येक ओळीत एका फीडचं नाव, फीडचा पत्ता आणि संकेतस्थळाचा पत्ता दिसेल. ब्लॉगांची मराठी नावं देवनागरीत नीट दिसतात का? त्यांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन 'ए' आणि विचित्र खुणांची रांग दिसली, तर फाइल यूटीएफ-८ (देवनागरीसकट सगळ्या लिप्या साठवायची प्रमाण पद्धत) म्हणून वाचली गेलेली नाही. आधी दुसऱ्या एखाद्या संपादकात ती उघडून खात्री करा, मग साधनाला दोष द्या.

आता हीच फाइल दुसऱ्या रीडरमध्ये इम्पोर्ट करा. फोल्डर तसेच्या तसे आले का, नावं बदलली का, एखादं फीड गळालं का, हे मोजून घ्या. पाच-सहा फीड्स असताना हे दोन मिनिटांचं काम आहे. दोनशे झाल्यावर कोण मोजणार?

ओपीएमएलमध्ये काय येत नाही तेही लक्षात घ्या. काय वाचलं, काय राहिलं, कशाला तारा दिला, यातलं काहीही त्यात नसतं. ती फक्त जोडलेल्या फीड्सची यादी आहे. गूगल रीडर बंद होताना लोकांनी यादी सहज हलवली, पण तारांकित लेख वेगळे उतरवून घ्यावे लागले आणि त्यासाठी १५ जुलै २०१३ पर्यंतचीच मुदत होती. म्हणून रीडरमधला तारा 'आज संध्याकाळी वाचू' एवढ्यापुरताच वापरा. वर्षाने लागेल असं काही मिळालं की ते बुकमार्कच्या साधनात टाका.

न वाचलेल्यांचा आकडा

पहिल्या आठवड्यानंतर नवखे हमखास अडकतात ते इथे. बाजूला ठळक अक्षरांत '३४७' दिसतं आणि परीक्षेचा अभ्यास राहिल्यासारखं वाटू लागतं. दोन उपाय.

फोल्डर विषयावरून न करता वारंवारतेवरून करा. एकात क्वचित लिहिणारे, ज्यांचं सगळं वाचायचंच. दुसऱ्यात आठवड्याला येणारे. तिसऱ्यात रोजच्या बातम्या. पहिला फोल्डर रोज उघडा, त्यात बहुधा एक-दोनच गोष्टी असतील. तिसऱ्यावर 'सगळं वाचलं असं समजा' हे बटण बिनदिक्कत दाबा. बातमी तीन दिवसांनी शिळीच होते. आणि सेटिंग्जमध्ये आकडा लपवायची सोय असेल तर लपवाच.

दुसरा उपाय छाटणीचा. महिन्याअखेरीस ज्या फीडमधलं काहीच उघडलं नाही ते काढून टाका. क्वचितवाल्यांना मात्र ही शिक्षा नको. दोन वर्षं गप्प असलेला ब्लॉग यादीत ठेवल्याने काहीच खर्च होत नाही, आणि तो एके दिवशी पुन्हा लिहू लागला तर सगळ्यांत आधी तुम्हाला कळतं.

बुकमार्क: आधी घरातला माल बघा

नवीन साधन घ्यायच्या आधी ब्राउझरमध्ये साचलेले बुकमार्क बाहेर काढा. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ओ ही बटणं एकदम दाबली की बुकमार्कांचा व्यवस्थापक उघडतो. कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत 'एक्स्पोर्ट' आहे. फायरफॉक्समध्येही याच बटणांनी 'लायब्ररी' नावाची खिडकी उघडते आणि 'इम्पोर्ट ॲंड बॅकअप'खाली एचटीएमएल फाइल काढता येते. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडलीत तर पहिल्याच ओळीत 'नेटस्केप' दिसेल. तो ब्राउझर २००८ मध्ये अधिकृतपणे संपला, पण बुकमार्कची त्याने पाडलेली मांडणी आजही सगळे ब्राउझर आणि सगळी साधनं वापरतात. प्रत्येक लिंकपाशी एक लांबलचक आकडा असतो: ती लिंक जतन केली त्या क्षणापर्यंत १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले, तो. म्हणजे तारीख फाइलमध्ये आहे. नव्या साधनात इम्पोर्ट केल्यावर तारखा जुन्याच राहिल्या की सगळ्यांवर आजची पडली, हे तपासायला विसरू नका. 'ते मी लॉकडाउनमध्ये कधीतरी वाचलं होतं' असं आठवणाऱ्या माणसाला तारीख हाच मुख्य धागा असतो.

साधनांपैकी रेनड्रॉप नवख्यांना सोपं जातं. फुकट खात्यात कितीही बुकमार्क ठेवता येतात, फोन-संगणक दोन्हीकडे चालतं, लिंकचं चित्र दिसतं. पानाची कायमची प्रत आणि पानाच्या आतल्या मजकुरात शोध हे मात्र पैसे भरणाऱ्यांसाठी. पिनबोर्ड २००९ पासून चालू आहे, वार्षिक वर्गणी आहे, दिसायला अगदी रुक्ष. ज्यांना फक्त लिंका आणि टॅग (लिंकेला लावायच्या विषयाच्या चिठ्ठ्या) हवेत त्यांना तेच आवडतं. इन्स्टापेपर हे बुकमार्कपेक्षा 'नंतर वाचा' प्रकारचं आहे, लेख स्वच्छ मांडून देतं. वॉलाबॅग आणि लिंकडिंग पुन्हा स्वतःच्या सर्व्हरवाल्यांसाठी.

आणि खरं सांगायचं तर शंभरेक लिंका असणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही. फायरफॉक्सच्या बुकमार्कला टॅग लावता येतात, तेवढं पुरतं.

मराठी लिंकांच्या खास अडचणी

इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये हा भाग नसतो, म्हणून थोडं सावकाश.

मराठी विकिपीडियाचं 'मुखपृष्ठ' उघडा, वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. पट्टीत देवनागरी दिसत होती, पण चिकटवल्यावर टक्क्यांच्या खुणा, रोमन अक्षरं आणि आकडे यांची माळ येते. बिघाड झालेला नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन अक्षरांनी लिहितात. म्हणजे एका चिन्हाला नऊ. 'मुखपृष्ठ'मध्ये उकार, ऋकार, हलन्त धरून आठ चिन्हं, म्हणून ७२ अक्षरं. लेखाचं शीर्षकच पत्त्यात घालणाऱ्या मराठी ब्लॉगांचे पत्ते त्यामुळे अवाढव्य होतात. जतन करताना साधनाला पानाचं शीर्षक मिळालं नाही तर तीच टक्क्यांची माळ नाव म्हणून बसते, आणि पुढे ती लिंक कुठल्याच शोधात सापडत नाही. तेव्हा मराठी पान जतन करताना शीर्षक देवनागरीत आलंय ना, हे बघायचं. नसेल तर हाताने लिहायचं.

दुसरी अडचण शोधाची. आपले शब्द विभक्ती लागली की रूप बदलतात. 'शाळा' शोधलं तर 'शाळेतले दिवस' सापडणार नाही, 'पाणी' शोधलं तर 'पाण्याचा प्रश्न' हाती लागणार नाही. शब्दाचा न बदलणारा तुकडा टाका: 'शाळ', 'पाण'. साधन शब्दाच्या तुकड्यावरून शोधू देतं का, याची परीक्षा पहिल्याच दिवशी अशा दोन लिंका टाकून घ्या. बऱ्याच साधनांचं पितळ इथे उघडं पडतं.

टॅगचंही तसंच. एकदा 'पुस्तक', एकदा 'पुस्तके', एकदा 'पुस्तकं' लावलंत तर साधनाच्या लेखी ते तीन वेगळे टॅग. एकवचनी मूळ रूप ठरवून टाका आणि त्यालाच चिकटून राहा. देवनागरी आणि रोमन टॅगांची भेसळ केली तर यादीत रोमन सगळे आधी, देवनागरी सगळे खाली, म्हणून तेही एकदाच काय ते ठरवा. सुरुवातीला सात-आठ टॅग पुरे. 'महत्त्वाचं' नावाचा टॅग कधीही करू नका. सगळंच त्यात जाऊन पडतं.

आणि जुनी पानं. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीचं एकच प्रमाण, रुळण्याआधी काही मराठी संकेतस्थळं स्वतःचे खास फॉन्ट वापरत. ती पानं आज उघडली तरी त्या फॉन्टशिवाय रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. असं काही जपून ठेवायचं असेल तर टिपणाच्या जागी लेखाचं नाव, लेखक आणि दोन ओळी देवनागरीत लिहून ठेवा, नाहीतर काय जपलंय हे तुम्हालाही ओळखू येणार नाही.

लिंक म्हणजे लेख नव्हे

पॉकेटची एक्स्पोर्ट केलेली फाइल उघडणाऱ्या कितीतरी जणांच्या तेव्हा लक्षात आलं की तिच्यात शीर्षकं, पत्ते, टॅग आहेत, लेखाचा मजकूर नाही. मूळ पान गेलं असेल तर हातात फक्त नाव उरतं. लोकांची घरगुती संकेतस्थळं सांभाळणारं जिओसिटीज २००९ मध्ये गेलं, फेसबुकसारखं ऑर्कुट २०१४ मध्ये. तिथल्या चर्चांचे बुकमार्क आज कुणाकडे असतील तर ते कुठेच नेत नाहीत.

म्हणून जे खरोखर लागणार आहे त्याची प्रत करा. इंटरनेट अर्काइव्हच्या, संकेतस्थळांची जुनी पानं जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये 'सेव्ह पेज नाऊ' अशी चौकट आहे. पत्ता चिकटवा, काही वेळाने प्रतीचा कायमचा पत्ता मिळेल. तो बुकमार्कच्या टिपणात ठेवा. ही प्रत सार्वजनिक असते आणि लॉग-इनच्या आतली पानं तिथे जात नाहीत. अशा पानांसाठी प्रिंटच्या खिडकीतून पीडीएफ करून घेणं बरं.

जतन करण्याआधी पत्ता साफ करायची सवयही लावा. फेसबुकवरून आलेल्या लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि 'एफबीसीएलआयडी' असं शेपूट असतं, वार्तापत्रांतून आलेल्यांना 'यूटीएम'चं. शेपूट उडवलं तरी पान उघडतं, आणि तीच लिंक पुन्हा जतन होत असेल तर साधनाला ते ओळखता येतं. प्रश्नचिन्हापुढचं सगळं डोळे मिटून कापू नका मात्र. यूट्यूबच्या लिंकमध्ये व्हिडिओची ओळख तिथेच असते.

आवरताना

दोन-तीन आठवड्यांत तुमचा हात आपोआप एकाच रीडरकडे आणि एकाच बुकमार्क साधनाकडे वळू लागेल. कुठलं उघडावंसं वाटतं याला सोयींच्या तक्त्यापेक्षा जास्त किंमत द्या.

उरलेली खाती तशीच सोडू नका. निवडलेल्या साधनात बुकमार्कांचे संग्रह खासगी आहेत की सार्वजनिक, हेही आधी बघा; 'लिंक असेल त्याला दिसेल' अशा पद्धतीने वाटलेल्या गूगल ड्राइव्हच्या फाइली बुकमार्कमध्ये असतात, आणि संग्रह उघडा राहिला तर त्या फाइलीही उघड्या. नको असलेल्या प्रत्येक साधनातून शेवटचा एक्स्पोर्ट घ्या, सेटिंग्जमधून खातं हटवा, ब्राउझरमधलं त्याचं एक्स्टेन्शन काढा. ही एक्स्टेन्शन्स बहुधा 'सर्व संकेतस्थळांवरचा तुमचा डेटा वाचणं आणि बदलणं' अशी परवानगी घेऊन बसलेली असतात. गूगलच्या खात्याने नोंदणी केली असेल तर गूगल खात्यातल्या जोडलेल्या सेवांच्या यादीतूनही त्यांचं नाव खोडा. मग निवडलेल्या रीडरची ओपीएमएल आणि बुकमार्कांची एचटीएमएल, अशा दोन फाइली नावात तारीख घालून एका फोल्डरमध्ये ठेवा, आणि फोनच्या कॅलेंडरमध्ये तीन महिन्यांनी पुन्हा तेच करायची आठवण लावा.